भयाची कादंबरी आणि भयाचा बाजार

भयाची, काळ्या जादूची आणि मृतांच्या जगाची कादंबरी शाळेच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या किशोर विभागात ठेवू नये, असे मत नाशिकमध्ये अनेक पालक, शिक्षक आणि ग्रंथालयांचे कार्यकर्ते प्रामाणिकपणे मांडतात. त्यामागे मुख्य काळजी अंधश्रद्धेची असते. ज्या जिल्ह्यात एखाद्या एकट्या बाईवर आजही डाकीण असल्याचा आळ येऊ शकतो, दुर्गम पाड्यांवर दवाखाना दूर आणि भगत जवळ असतो, आणि शहरातली शिकलीसवरलेली माणसेही धंदा बसला की करणीचा माग काढू लागतात, त्या जिल्ह्यातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण होऊन भुताखेतांचे पुस्तक का द्यावे, असा हा प्रश्न आहे. तो विचारणारी माणसे साहित्याची शत्रू नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उमेदीची वर्षे घालवली आहेत. तरीही त्यांनी काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि तो त्यांच्याच उद्दिष्टाच्या दृष्टीने चुकीचा वाटतो.

आधी कोणत्या पुस्तकाविषयी बोलायचे हे ठरवले पाहिजे. मराठीत भयकथा म्हटली की पिंपळावरचा मुंजा, विहिरीतल्या आसरा, रात्रीच्या वाटेवरचा चकवा आणि शेवटच्या ओळीतला धक्का एवढेच डोळ्यांपुढे येते. काळोख्या अद्भुताची कादंबरी याहून वेगळी असते. तिच्यात आपल्या जगाला लागून दुसरे एक जग उभे केलेले असते आणि त्या जगाचे नियम लेखकाला अखेरपर्यंत पाळावे लागतात. समजा, जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात वाढणारी मुलगी पुरात गेलेला भाऊ परत मिळावा म्हणून नदीशी करार करते. भाऊ परत येतो, पण दर अमावास्येला घरातल्या एका माणसाच्या आठवणीतून ती मुलगी पुसली जाऊ लागते. अशा कादंबरीत भीती भुताच्या दर्शनाने निर्माण होत नाही. एका चुकीच्या पण समजण्याजोग्या इच्छेची किंमत पानागणिक वाढत जाते, त्यातून ती येते. लघुकथेला हे साधत नाही, कारण किंमत वाढत जाण्यासाठी वेळ लागतो आणि वाचकाला त्या जगात राहावे लागते.

आता अंधश्रद्धेचा मुद्दा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. या कायद्याच्या अनुसूचीत बारा कलमे आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. ही कलमे लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून मारणे, तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे, अमुक व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे अशक्य करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, अशी ही यादी आहे. प्रत्येक कलमाच्या मुळाशी एक दावा आहे: हे खरे आहे, माझ्या अंगी शक्ती आहे, म्हणून माझे ऐक आणि पैसे दे. कायद्याचा रोख या दाव्यावर आणि त्यातून होणाऱ्या इजेवर आहे. भुताची कल्पना करण्यावर, भुताविषयी गोष्ट रचण्यावर किंवा ती वाचून रात्री दिवा लावून झोपण्यावर त्याचा रोख नाही, आणि कायदा घडवणाऱ्यांनी ही रेषा फार विचारपूर्वक आखली आहे असे मला वाटते.

बुवा जे भय विकतो आणि कादंबरी जे भय देते, त्या दोहोंत काय अंतर आहे, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक आहे, त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय आहे, आणि बीभत्सातून त्याची उत्पत्ती सांगितलेली आहे. मात्र या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकालावरच्या अभिनवगुप्ताने, नाट्यशास्त्राच्या भाष्यकाराने, दिले. प्रेक्षकाचा रसानुभव व्यवहारातल्या भावनेहून वेगळा कसा, हे सांगताना त्याने उदाहरण घेतले ते भयाचेच. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणारे, मान वळवून वळवून मागे पाहणारे हरिण आहे. ते हरिण भ्याले आहे, पण आपल्याला जाणवते ते भय ना त्या हरिणाचे असते, ना आपले स्वतःचे, ना शत्रूचे ना मित्राचे. स्थळकाळाच्या आलिंगनातून सुटलेले ते निव्वळ भय असते, आणि म्हणून आपण पळून न जाता त्याचा आस्वाद घेऊ शकतो. या मोकळ्या झालेल्या भयाला कोणी विकत घेऊ शकत नाही. बुवाला लागते ते नेमके याच्या उलट, म्हणजे माझ्या घराला, माझ्या मुलाला, माझ्या पुढच्या मंगळवारला बांधलेले भय. ज्या वाचकाने पहिल्या प्रकारचे भय अनेकदा अनुभवले आहे, त्याला दुसऱ्या प्रकारच्या भयातली बांधणी ओळखू येण्याची शक्यता वाढते, असा माझा दावा आहे. कोण बोलतो आहे, तो हे का सांगतो आहे, त्याच्या जगाचे नियम मधेच बदलतात का, हे प्रश्न कादंबरीचा सजग वाचक सवयीने विचारतो, आणि बुवासमोर बसलेल्या माणसाला विचारता यायला हवेत ते प्रश्नही हेच असतात.

कल्पनाशक्ती आणि चिकित्सा एका माणसात सुखाने नांदू शकतात याचा दाखला शोधायला नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांकडे होते. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही, पण विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाला हा मान प्रथमच मिळाला आणि तो नाशकात मिळाला, याचे मोल मोठे आहे. याच नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली होती. दोनशे मुलांच्या पत्रिकांपैकी हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती, हे ज्योतिषांनी ओळखायचे होते, आणि त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरली नाहीत. जे नाही त्याची कल्पना करण्यात आयुष्यातला मोठा काळ आनंदाने घालवलेल्या माणसाला, जे नाही ते आहे असे भासवणाऱ्यांचा पडताळा घ्यावासा वाटला, यात मला कुठलाही विरोध दिसत नाही.

अशा साहित्याला दाराबाहेर ठेवण्याची आपली सवय मात्र नवी नाही, आणि तिची सर्वांत जुनी गोष्ट आपल्याच नदीच्या काठची आहे. नाशकाजवळच्या पांडवलेण्यांत ज्यांचे शिलालेख आहेत त्या सातवाहनांची राजधानी गोदावरीच्या खालच्या अंगाला, पैठणला, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानला होती. कथासरित्सागरात येते त्याप्रमाणे सातवाहन राजाच्या पदरी असलेला गुणाढ्य एका पैजेत हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग करून अरण्यात निघून गेला. तिथे तो पैशाची, म्हणजे पिशाचांची समजली जाणारी, भाषा शिकला आणि त्या भाषेत त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली. रानात शाई कुठली मिळणार, म्हणून ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला तेव्हा राजाने भाषा पिशाचांची आणि लेखन रक्ताचे म्हणून तो झिडकारला. गुणाढ्याने मग अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो ते आगीत टाकू लागला. जनावरे चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस सुकलेले येऊ लागले, चौकशी झाली, राजा धावत रानात आला, तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते आणि एक लाख उरले होते. त्या उरलेल्या भागाच्या परंपरेतून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाचा ग्रंथ, म्हणजे हाच कथासरित्सागर, सिद्ध झाला, आणि त्यातच स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन चालणाऱ्या राजाला कोडी घालणाऱ्या वेताळाच्या पंचवीस कथा आहेत.

दंतकथा म्हणूनही ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राजाचे दोन्ही आक्षेप ग्रंथात काय आहे याबद्दलचे नव्हते; भाषा कोणाची आणि शाई कशाची, एवढेच पाहून त्याने निकाल दिला होता. आज किशोर विभागासाठी पुस्तके निवडताना मुखपृष्ठावरची कवटी आणि मलपृष्ठावरचा ‘भय’ हा शब्द पाहून पुस्तक बाजूला सारले जाते, तेव्हा तीच घाई होत असते. वेताळाच्या कथांत तर प्रत्येक गोष्ट एका न्यायाच्या प्रश्नावर येऊन थांबते: दोषी कोण, वर कोण, त्याग कोणाचा मोठा. स्मशान, प्रेत आणि रात्र यांच्या सान्निध्यात राजाला नीतीचा निवाडा करावा लागतो. या साहित्याचा खरा गाभा तिथेच आहे.

मुलांना भीतीपासून दूर ठेवणे हा आपला संस्कार आहे, असेही सांगितले जाते. परंपरा पाहता मला तसे दिसत नाही. महाभारताच्या सौप्तिक पर्वात वडाखाली जागा राहिलेला अश्वत्थामा झोपलेल्या कावळ्यांवर तुटून पडणारे घुबड पाहतो, त्यावरून त्याला झोपलेल्या शिबिरावर चाल करून जाण्याची कल्पना सुचते, आणि शिबिराच्या दाराशी त्याची एका प्रचंड भयंकर आकृतीशी गाठ पडते. या प्रसंगाहून काळोखे असे आपल्या वाचनात फारसे काही येत नाही, आणि तो आपण आजोबांच्या तोंडून निःशंकपणे ऐकला आहे. नाशिक जिल्ह्याचे उदाहरण हवे असेल तर निवृत्तिनाथांचे आहे. विठ्ठलपंतांचे कुटुंब रात्री ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असता वाघ आडवा आला, पळापळीत लहानगा निवृत्ती चुकला, एका गुहेत शिरला, आणि तिथे त्याला गहिनीनाथांचा उपदेश मिळाला, ही कथा वारकऱ्यांच्या घरी मुलांना सांगितली जाते. रात्र, अरण्य, वाघ, हरवलेले मूल आणि काळोखी गुहा हे सारे तिच्यात आहे, आणि यातले काहीही गाळले तर कथेचा जीवच जाईल. पुढे त्यांच्या शिष्याने, ज्ञानेश्वरांनी, विश्वरूपदर्शनाच्या अध्यायाच्या आरंभी शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून आला आहे आणि त्याच्या निमित्ताने इतर रसांनाही पंगतीत मान मिळाला आहे, असे म्हटले. पंगतीतून भयानकाला उठवण्याची सूचना त्यांनी कुठे केलेली नाही.

आधुनिक मराठीत या रसाची सेवा करणारे लेखक झाले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभरावर पुस्तके लिहिली आणि त्यांत कादंबऱ्याही पुष्कळ आहेत. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथा लिहिल्या आणि त्याच हातांनी मराठी बालरंगभूमीही उभी केली. मुलांचे मन जपणाऱ्या माणसाला भयकथेचे वावडे नव्हते, याची नोंद घ्यायला हवी. पण त्यांच्या मागे जी रांग लागायला हवी होती ती लागली नाही. दिवाळी अंकांनी भयकथेला आसरा दिला हे खरे, मात्र अंकाच्या पानांत बसते ती कथा, कादंबरी नव्हे. समीक्षेने या लेखनाकडे करमणूक म्हणून पाहिले, पुरस्कारांच्या याद्यांत ते क्वचितच आले, आणि प्रकाशकाला चारशे पानांच्या मूळ मराठी अद्भुत कादंबरीचा धोका पत्करावासा वाटला नाही. परिणाम आपल्यासमोर आहे. गंगापूर रोडवरच्या किंवा इंदिरानगरमधल्या इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी काळोख्या अद्भुताच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या खंडामागून खंड वाचते, आणि मराठीत असे काही आहे का, असे तिने विचारले तर तिच्या हाती आपण तिच्या आजीच्या पिढीची पुस्तके देतो. ती पुस्तके चांगली आहेत, पण एकाच पिढीवर कुठल्याही भाषेचे वाचन तगून राहत नाही.

आणि नाशिकसारख्या गावात सामग्रीची वाण कधीच नव्हती. पुराचे पाणी किती चढले हे ज्याच्या अंगावरून मोजतात तो रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती, वसईच्या विजयानंतर आणलेली नारोशंकराच्या देवळातली पोर्तुगीज घंटा, तांबट लेनपासून काझीगढीपर्यंतचे खचत चाललेले उतार आणि त्यांवरचे वाडे, पितृपक्षात घाटावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत उभी असलेली कुटुंबे, आदिवासी पट्ट्यातल्या बोहाड्यात रात्रभर नाचणारे देवदानवांचे मुखवटे: यांतले एकेक घेऊन एकेक जग उभे राहू शकते. ते उभे करायला परदेशी किल्ले, परदेशी धुके आणि ऑक्टोबराच्या अखेरीचे भोपळे उसने आणण्याची गरज नाही.

मात्र जागा मागताना लेखकांनी दोन बंधने स्वतःवर घालून घ्यावीत, आणि त्याबाबत मी विरोधकांच्या बाजूने उभा आहे. पहिले असे की पुस्तकावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असे छापू नये. या तीन शब्दांनी कादंबरी आपली मोकळी भूमी सोडून बुवाच्या दाव्याच्या प्रदेशात पाऊल टाकते. चार प्रती जास्त खपतात, पण अभिनवगुप्ताने दाखवलेले ते सुटे भय पुन्हा कुणाच्या तरी घराला, गावाला आणि विहिरीला बांधले जाते, आणि मग त्या विहिरीजवळ राहणाऱ्या माणसांना त्याचा जाच होतो. अशी पुस्तके ग्रंथालयाने नाकारली तर मी त्या निर्णयाचे स्वागत करीन.

दुसरे बंधन अधिक अवघड आहे. आपल्या भयकथांत दुष्टतेचे रूप फार वेळा बाईचे असते, त्यातही म्हातारीचे, विधवेचे, निपुत्रिकेचे किंवा वस्तीच्या कडेला एकट्या राहणाऱ्या स्त्रीचे. हडळ, जखीण, चेटकीण या आकृत्या लोककथेतून आल्या आहेत हे मान्य केले तरी ज्या भागात शेजारणीला डाकीण ठरवून मारहाण होते, तिथे ही आकृती विचार न करता वापरणे निष्पाप राहत नाही. अशी पात्रे वर्ज्य करावीत असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या आत शिरून लिहावे असे आहे. रामकथेतल्या शूर्पणखेचा प्रसंग पंचवटीत घडला असे आपण मानतो. त्या रात्री अरण्यात परतणाऱ्या, रक्ताने माखलेल्या स्त्रीच्या मागे कादंबरी काही अंतर चालत गेली, तर वाचकाचे भय कमी होणार नाही. ते कुठे ठेवावे याबद्दल मात्र तो अस्वस्थ होईल. गाव एका बाईकडे बोट दाखवते तेव्हा त्या बोटालाच भ्यावे, हे शिकवण्याचे सामर्थ्य व्याख्यानापेक्षा अशा कादंबरीत जास्त आहे. डाकीण प्रथेविरुद्ध काम करणाऱ्यांनी या वाङ्मयप्रकाराला शत्रू न मानता हाताशी धरावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

वयाचा प्रश्न उरतो, पण तो तुलनेने सोपा आहे. आठ वर्षांच्या मुलाला जे पेलत नाही ते तेराव्या वर्षी पेलते, आणि हे कळायला ग्रंथपालाने पुस्तक वाचलेले असावे लागते. सरसकट बंदी ही बहुतेक वेळा न वाचण्याची सोय असते.

ऋतूबद्दल थोडे सांगतो. सर्वपित्री अमावास्येपासून नरकचतुर्दशीपर्यंतचा काळ हा आपला काळोख्या वाचनाचा स्वाभाविक हंगाम आहे. पितरांचे स्मरण संपते, देवीचा असुराशी संग्राम सुरू होतो, वणीच्या सप्तशृंगगडाकडे माणसे रात्री पायी निघतात, कोजागरीला जागरण होते, धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवला जातो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातल्यापासून मराठी माणूस वर्षातले सर्वाधिक वाचन याच सुमारास करत आला आहे. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे, जिथून कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेट्या घरोघर गेल्या, त्या शहराने या सुमारे चार आठवड्यांसाठी अद्भुत आणि भयानकाच्या वाचनाचा उपक्रम हाती घेतला तर तो कुणाची नक्कल ठरणार नाही. एक वेगळे कपाट, किशोरांसाठी सायंकाळी मोठ्याने वाचन, आणि त्या वाचनानंतर चर्चेला अंधश्रद्धा निर्मूलनाचा एक कार्यकर्ता, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कार्यकर्त्याने तिथे पुस्तकाचे खंडन करायला येऊ नये. गोष्टीतले भूत आणि गावातला बुवा यांच्यातला फरक मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावा म्हणून त्याने बसावे.

याच्या जोडीला मूळ मराठी कादंबरीसाठी पारितोषिक ठेवावे, आणि त्याच्या अटींत गोदावरीच्या खोऱ्यातली पार्श्वभूमी, किमान तीनशे पाने आणि सत्यघटनेचा दावा नाही, एवढे स्पष्ट लिहावे. कादंबरी एका हंगामात होत नाही, म्हणून मुदत दोन वर्षांची असावी. दरम्यान एखाद्या दिवाळी अंकाने तिची पहिली प्रकरणे छापण्याची तयारी दाखवली तर लेखकाला आपला वाचक आधीच भेटेल. मात्र अंकांची जुळवाजुळव ज्येष्ठ-आषाढात सुरू होते, तेव्हा संपादकांशी बोलणे उन्हाळ्यातच व्हायला हवे.